मैलाचा दगड पलीकडे गेला

बाळांनो, मागच्या खेपेला आपल्या फाटकाशी ज्या दगडावर बसून तुम्ही पेरू खाल्ले, तो आता आपल्याकडे नाही. निजामाच्या काळातला तो मैलाचा दगड. आष्टीहून परतूरकडे जाणारा रस्ता रुंद झाला, तेव्हा मशीनने तो उपटला आणि काम संपल्यावर पलीकडच्या कडेला, तुमच्या काकीआजीच्या दारात रोवला. काकीआजी म्हणजे माझी धाकटी जाऊ. वाटणीत रस्त्याच्या अलीकडचं घर आम्हाला आलं, पलीकडचं तिला. तेव्हापासून आम्ही समोरासमोर राहतो.

दगडापासून गाव सुरू होतं, असं इथे धरतात. नवी नवरी आली की गाडी दगडाशी थांबते, आणि तिथल्या घरची बाई तिला गूळ-पाणी देते. मगच ती सासरी जाते. सासूबाईंनंतर हे काम माझं होतं. त्यासाठी पितळी तांब्या, वाटी आणि धुतलेलं फडकं मी वेगळ्या फळीवर ठेवते. गावातल्या निम्म्या सुना गावचं पहिलं पाणी माझ्या हातून प्यायल्या आहेत. आता ते पाणी माझी जाऊ देते, तेही स्टीलच्या ग्लासातून.

दगड परत जागेवर यावा म्हणून मी मराठीत एक आणि इंग्रजीत एक असे दोन अर्ज केले. प्रती फाइलमध्ये आहेत. उत्तर आलेलं नाही.

त्यातच ग्रामपंचायतीची घरमोजणी निघाली. शाळेतल्या एक तरुण बाई दारोदार नंबर टाकत होत्या. दगडापासून सुरुवात करायची, पलीकडच्या ओळीने गावाच्या टोकाला जायचं आणि अलीकडच्या ओळीने परत यायचं. म्हणजे जाऊचं घर पहिलं आणि आपलं शेवटचं.

"अहो, पहिलं घर हे आहे. कोणालाही विचारा," मी फाटकातून म्हणाले.

"पण आजी, दगड तर तिकडं आहे ना?"

मी खुर्ची ओसरीत घेतली आणि ऐकत बसले. मुलगे, सुना, नातवंडं अशी जाऊने एकेक नाव सांगितलं. शेवटी "अकरा" म्हणाली, ते जरा मोठ्यानेच.

बाई आपल्याकडे पोचल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. त्यांच्यासाठी चहा घेऊन जाऊही मागोमाग आली. माझ्या दारात तिचा चहा.

"घरात किती माणसं?"

"पाच," मी म्हणाले. तुमचे आईबाबा, तुम्ही दोघं आणि मी.

आता ही मला खोटी पाडणार, असं वाटलं. ती शांतपणे कपात चहा ओतत राहिली.

"लिहा की पाच," ती म्हणाली. "आक्का सैपाक पाच जणांचाच करतात. उरलेलं आमच्याकडं येतं. आमची पोरं वाटच पाहून राह्यलेत."

तो टोमणा होता की नाही, तिच्या चेहऱ्यावरून कळेना. मला मात्र तो लागला.

"एक लिहा," मी म्हणाले. बाईंनी पाचावर काट मारली.

पुढच्याच आठवड्यात एक नवरी आली. गाडी थांबली तशी जाऊने रस्त्यापलीकडून हाक दिली, "आक्का, या ना. गूळ तुम्हीच द्या."

मला जायचं नव्हतं. तरी तांब्या घेऊन गेले. नवरी माझ्या हातचं पाणी प्यायली आणि वाकली ती जाऊच्या पायांशी. घर तिचं होतं ना. मागे तिच्या नातवंडांनी सगळा दगड व्यापला होता. घरी येऊन मी तो तांब्या चिंचेने दोनदा घासला.

तुम्ही याल तेव्हा दगड दिसताच गाडी थांबवा. काकीआजी ग्लास पुढे करेल. नमस्कार करा, पण पाणी घेऊ नका. दोन्ही बाजूंना नीट बघून रस्ता ओलांडा. शेवटचा नंबर असलेलं दार आपलं.