सोयरिकीला बसणारे मामा

माझ्या मामेसासऱ्यांचं पोट नसतं, तर साकोली तालुक्यातली निम्मी तरुण मंडळी बिनलग्नाची राहिली असती. सत्तरच्या त्या दशकात आमच्या भागात जाड माणसं मोजकीच होती, आणि जी होती ती गावाच्या मालकीची समजली जात. धान रोवायला वाकून वाकून सगळा तालुका काडीसारखा झालेला. त्यात सानगडीच्या बाजारात मामा आपल्या कापडदुकानाच्या गादीवर पसरलेले दिसले, की परक्या माणसाला हे गाव खाऊनपिऊन सुखी वाटे. म्हणून मुलीकडचे लोक घर पाहायला येणार असले, की मुलाचा बाप आदल्या दिवशी मामांना सांगून जाई. मामा स्वच्छ धोतर नेसून त्या घरच्या ओसरीवर जाऊन बसत. नातं कुणी विचारत नसे. असा माणूस जिथे टेकतो तिथे आपली पोर उपाशी राहणार नाही, एवढं मुलीच्या बापाला पुरे होई. "मामा, ही फसवणूक नाही का?" असं मी एकदा विचारलं. "काहून जी, जवाई? मी एक सबद तरी बोललो का? मी त फक्त बसून होतो!"

या बसण्याला मान फार होता. शाळेच्या बक्षीस समारंभाला अध्यक्ष मामाच. एकदा राष्ट्रगीताला ते उठले, तेव्हा हातांची खुर्चीही त्यांच्यासोबत उठली आणि शेवटच्या ओळीपर्यंत सावधान राहिली. कुणी हसलं नाही. अध्यक्षांचं सगळंच भारदस्त असतं, अशी तेव्हा समजूत होती.

ऐंशीनंतर मात्र जगाने मामांचा घात केला. मोपेडी आल्या, बसून पगार घेणारे वाढले आणि बाजारात पाहावं तिकडे पोटं दिसू लागली. पूर्वी मंचावर एका पोटाची सोय करावी लागे. आता हार आखूड पडू लागले. "हे काय पोट हाये? सूज हाये, सूज!" मामा तुच्छतेने म्हणत. अशातच भंडाऱ्याच्या डॉक्टरने त्यांना साखर असल्याचं सांगून भात बंद केला. धानाच्या मुलखात भात बंद! मामांनी डॉक्टरचं गाव विचारलं. तो ज्वारीच्या वऱ्हाडातला निघाला, तेव्हा कुठे त्यांना या सल्ल्याचा उगम समजला.

मामींनी मात्र तो सल्ला कायद्यासारखा पाळला. ज्वारीची भाकर, कारली आणि पहाटे तलावाच्या पाळीवर फेरी. वर्षभरात मामा निम्मे झाले आणि दुकान बसल्याची आवई उठली. नेमकी तेव्हाच त्यांच्या एकुलत्या एक लेकीची सोयरीक बपेरा गावच्या एका घरी जुळत आली होती. मध्यस्थाने निरोप आणला, "मुलाचे वडील शनिवारी स्वतः घर पाहायला येत आहेत."

त्या पाहण्याचा अर्थ मामांइतका कुणाला कळणार? "भात टाक," ते मामींना म्हणाले. "शनिवारपावतो थोडंतरी पोट आलं पायजे."

"पोरीचं लगन कराचं हाये, का माहं कुकू पुसाचं हाये? नाही भेटत भात!"

शेवटी ऐन मे महिन्यात त्यांनी कोटाखाली गोधडी गुंडाळून पाहिली. घामाने निथळणारा बाप पाहून लेक रडकुंडीला आली. "सोडा ते, बाबा. मोडली त मोडू द्या सोयरीक."

शनिवारी मुलाचे वडील जीपमधून धापा टाकत उतरले. पूर्वीचे मामाच जणू. बसले, आणि त्यांनी मामांना आपादमस्तक न्याहाळलं. मामांनी मान खाली घातली.

"दुकान बसलं म्हणतेत तुमचं?"

"नाही जी. साखर निघाली. भात सोडला."

पाहुणे हळूच जवळ सरकले. "मलेबी निघाली. पण तुमचं उतरलं कसं, ते सांगा ना!"

पुढचा तासभर दोघे कारल्यावर बोलत होते. मुलामुलीची आठवण कुणालाच नव्हती. बिनसाखरेचा चहा आला तोवर दोघे एकमेकांना 'इवाई', म्हणजे व्याही, म्हणू लागले होते.

लग्नानंतर मामांना पुन्हा कुणी सोयरिकीला बसायला बोलावलं नाही. प्रत्येक घरात आता आपापला जाड माणूस होता. पण मला आठवते ती पाठवणी. निघताना लेकीने बापाला मिठी मारली आणि रडता रडता मध्येच थांबली. तिचे दोन्ही हात त्यांच्या पाठीमागे एकमेकांना लागले होते, जन्मात पहिल्यांदा. "बाबा, किती कमी झाले जी तुमी," ती म्हणाली. तिचे हात सुटू नयेत म्हणून मामा श्वास आत ओढून उभे होते.