लाल गाडी उन्हात लावायची नाही

फोन आला तेव्हा मी गाडी धूत होतो. हातात ओलं फडकं, एक बाजू झालेली, एक राहिलेली. केडगावहून मेव्हण्याचा, रामभाऊचा फोन. रामभाऊ एरवी फोनवर असा ओरडतो की रानापलीकडच्या माणसालाही ऐकू जावं. त्या दिवशी आवाज एवढा बारीक, की मीच ओरडलो, "मोठ्यानं बोल की!" मग म्हणाला, "दाजी, अक्का गेली." सकाळी चहा पिऊन ओट्यावर बसली, भिंतीला टेकली, आणि बसल्या जागीच... मी फोन खिशात टाकला आणि राहिलेली बाजू धुऊन काढली. अर्धी ओली गाडी उन्हात वाळली की पाण्याचे डाग धरतात, हे भामानं इतक्यांदा सुनावलं होतं की हात आपले आपण चालले. सगळी गाडी पुसून कोरडी केली. मग बादलीशेजारी खाली बसलो ते थोरल्या पोरानं, संतोषनं येऊन उठवलं तेव्हा उठलो.

त्याला आता महिना उलटून गेला. भामा माझी बायको, रामभाऊची अक्का, चार दिवसांसाठी माहेरी गेली होती. मी चौथी शिकलेलो, तीही पुरी नाही. लिहिणं हा माझा धंदा नव्हे. शिरूरच्या अलीकडं आमची थोडी जमीन आहे, आधी आमची माणसं मेंढरं घेऊन फिरायची, बापाच्या काळात बूड टेकलं. भामा दौंडच्या बाजूची, केडगावची, तिच्या माहेरीही मेंढरंच. लोक मेलेल्या माणसाबद्दल गोड गोड लिहितात. भामा गोड नव्हती. हट्टी होती, तोंडाळ होती, आणि तिचं बहुतेक वेळा बरोबर असायचं, त्यानं तर जास्तच डोकं फिरायचं. मला तिच्याबद्दल सांगायचं तर गाडीबद्दलच सांगावं लागेल. त्याला माझा इलाज नाही.

थोरला संतोष कारेगावला कंपनीत कायम झाला तेव्हा घरात गाडी घ्यायचं ठरलं. मी ट्रॅक्टर चालवलेला, तेव्हा चालवायचा प्रश्न नव्हता. शोरूममध्ये गेलो. आमच्या गावात जेवढ्या गाड्या, तेवढ्या पांढऱ्या. मीही पांढरीजवळ जाऊन उभा राहिलो. ही सरळ लाल गाडीपाशी गेली आणि दार उघडून आत बसली. तिथला पोरगा म्हणाला, "काकू, लाल रंग उन्हानं लवकर फिका पडतो. पांढरी घ्या, पुढं विकायला पण बरी." भामा म्हणाली, "आरं, विकायला घ्यायला लागलोय का बसायला?" मीही समजावलं, की अगं खरंच उडतो लाल, चार वर्षांनी गुलाबी दिसेल, लोक हसतील. तर म्हणाली, "आवं, मेंढरामागं फिरायचो तवा आई मुक्कामाला गेली का लाल लुगडं बाभळीवर वाळत टाकायची. आमी पोरं लांब मेंढरं घिऊन. लाल दिसलं का कळायचं, आज भाकर तिथं. पांढऱ्याचा काय पत्त्या लागतोय, दगूड बी पांढराच दिसतो."  लाल गाडी घरी आली.

घरी आल्या आल्या तिनं गोठा रिकामा केला. दोन म्हशी आणि एक गाय लिंबाखाली बांधली आणि गोठ्यात गाडी. संतोष म्हणाला, "आई, म्हशी मैदानात आन् गाडी घरात, लोक येडं म्हणतील." भामा उलट मलाच म्हणाली, "तुम्ही मेंढरंवाल्याच्या पोटी आला का वाण्याच्या? काळं मेंढरू बगा. पाठ उन्हानं तांबूस पडती. पोटाखालची लोकर काळीच ऱ्हाती, का? तिथं ऊन पोचत न्हाई. मग गाडीला काय येगळा नेम हाय व्हय?" मी म्हटलं, अगं पण जनावरांनी काय पाप केलंय? "जनावरांना केस नवं येत्यात. हिला येत न्हाईत." मग गाडीच लिंबाखाली लाव की, सावली तर सावली! तर म्हणे, "वर पाखरं बसत्यात, ती काय देवाचं नाव घ्यायला?" एवढं बोलून ती शेण काढायला निघून गेली.

चुका तिनंही केल्या, नाही असं नाही. पहिल्या दसऱ्याला गाडीची पूजा झाली. पोळ्याला बैलांच्या शिंगांना तेल लावून चकाकी आणायची आमची रीत. बैल केव्हाच विकले होते, पण हिचा हात शिवशिवत असणार. वाटीभर खोबरेल घेतलं आणि बॉनेटपासून डिकीपर्यंत गाडी चोळून काढली. काय चमकली म्हणता! शेजारची पारूबाई बघून म्हणाली, "वैनी, हिला आता येणी घाला." आणि तशीच आम्ही ती दौंडला हिच्या धाकट्या बहिणीकडं नेली. न्हावऱ्याच्या पुढं रस्त्याचं काम चाललेलं, पुढं उसाच्या गाड्या, धुरळा असला की समोरचं दिसेना. नदीचा पूल ओलांडून दौंडला पोचेपर्यंत सगळी धूळ त्या तेलावर बसलेली. बहीण दारात आली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. "अक्का, गाडी आणलीस का डबक्यातनं म्हस उठवून आणलीस गं?" भामा चहा न पिता बादली मागत होती. पण ते काय पाण्यानं निघतंय. वरून तिथं कुणीतरी धुण्याचा सोडा दिला, आणि हिनं काथ्यानं घासायला सुरुवात केली, तेव्हा मी हात धरला.

दुसऱ्या आठवड्यात मी तिला सणसवाडीला एका रंगवाल्याकडं नेलं. उत्तर प्रदेशातला माणूस, कितीतरी वर्षं इकडंच, खोली भाड्याची आणि दुकान पत्र्याचं. त्यानं गाडीवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "अम्मा, तेल बालों में लगाते हैं, गाडी में नहीं." ही म्हणाली, "मंग हिला काय लावायचं ते सांग ना बाबा." त्यानं सांगितलं. लाल रंगावर काचेसारखा एक पारदर्शक थर असतो. ऊन आधी तो थर खातं, मग खालचा रंग. त्यातही लाल सगळ्यांत आधी जातो. धुण्याची पावडर लावायची नाही, ती थर लवकर झिजवते. गाडीचा शाम्पू वेगळा मिळतो. कोरडी धूळ फडक्यानं झटकायची नाही, आधी पाणी मारायचं, नाहीतर तीच माती रंगावर चरे पाडते. पाखराची घाण दिसली की ओल्या फडक्यानं लगेच काढायची, उन्हात वाळली की रंगात घुसते. आणि तीनचार महिन्यांनी मेण लावायचं, डबीत मिळतं ते. प्लास्टिकचा कागद झाकायचा नाही, आत वाफ कोंडते, कापडी झाकण घालायचं. हिला हिंदी अर्धीच कळायची, पण मान अशी हलवत होती जसं सगळं आधीपासून पाठ होतं. शेवटी विचारलं, "एवढं केल्यावर तरी जाणार न्हाई ना रंग?" तो माणूस खोटं बोलला नाही. "जाएगा अम्मा. देर से जाएगा." भामा मला म्हणाली, "मंग जाऊ दे की उशिरानं. घाई कुणाला हाय हितं?"

तेव्हापासून रोज उन्हं चढायच्या आत गाडी पुसायची. नवं फडकं चालायचं नाही, धुऊन धुऊन मऊ पडलेलं लुगडंच पाहिजे. तिनं स्वतःचं चांगलं नेसतं लुगडं फाडलं तेव्हा मी बोललो, तर म्हणाली, तुमचं धोतर देता का मग? लग्नाला, जत्रेला जिथं जाऊ तिथं आधी सावली बघायची. मांडवात जेवणं सुरू झाली तरी ही ड्रायव्हर लोकांशी भांडतेय, की तुझी जीप मागं घे, आमची लाल आहे. सूर्य कलला की मला जेवणावरून उठवायची, "आवं, सावली सरकली." हातातला लाडू हातात ठेवून मी गाडी हलवायला पळायचो. माणसं हसायची. मीही चिडायचो. पण आमच्या मागून गावात एक लाल गाडी आली होती, ती तोवर विटकरीसारखी झालेली, आणि आमची मात्र कुंकवासारखी. हे बघून उगीच ऊर भरून यायचा, ते मी तिला कधी सांगितलं नाही. तिला माहीतच असणार.

मग तिला साखर लागली आणि ती डोळ्यांत उतरली. एका उन्हाळ्यात दौंडला डॉक्टरकडं सारखे खेटे झाले. तिथं आवारात सावलीच नाही. आत हिच्या डोळ्यांत औषध घालून बसवायचे, बाहेर गाडी तापायची. झाकण घालायचो, पण वारा ते उडवून न्यायचा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती सांभाळा. बाहेर आल्यावर ती टपावरून हात फिरवत म्हणाली, "रंग उतरला का हो?" मी म्हटलं, थोडा. खरं म्हणजे टपाचा मधला भाग चांगलाच फिका पडला होता. ती गाडीत बसली.  चौफुला गेल्यावर म्हणाली, "मला माणसांची तोंडं आता पीठ लावल्यागत दिसत्यात. तुमचं बी. पर ही दिसती. बाजारात लांबनं ही दिसती, म्हंजी तुम्ही हितं हाय हे कळतं. हिचा रंग गेला तर मी कुठं बघू?"

तेव्हा मला उमगलं की आता हा हौसेचा कारभार राहिलेला नाही. त्या दिवसापासून मेण मी लावायला लागलो आणि ती बाजूला बसून हुकूम सोडायला लागली. "गोल गोल फिरवा. भाकर थापताय का?" तिला नीट दिसत नव्हतं तरी हातानं बरोबर कळायचं कुठं राहिलंय. बाजारच्या दिवशी शिरूरला मी गाडीजवळ उभा राहायचो, ती भाजी घेऊन गर्दीतून सरळ चालत यायची. कुणाला विचारणं नाही, हाका मारणं नाही. पांढऱ्या गाड्यांच्या रांगा ओलांडत, माणसांना धक्के देत, थेट. डोळे गेलेली बाई अशी चालते हे सांगून कुणाला पटलं नसतं. मला दर खेपेला बघत राहावंसं वाटायचं.

ती गेल्यावर पाहुण्यांसाठी गोठ्यात बसायची सोय केली आणि गाडी बाहेर काढली. तेरा दिवस ती उन्हात होती. कुणाचंच लक्ष नाही, माझंही नाही. तेराव्यानंतर बघतो तर बॉनेटवर पाखराची घाण वाळून घट्ट झालेली. ओलं फडकं ठेवून भिजवली, हळूहळू काढली, पण खाली रुपयाएवढा मळकट डाग राहिलाच. संतोषनं ते पाहिलं. पोरगं वाईट नाही. माझ्या भल्यासाठीच म्हणाला, "आबा, तुमच्याच्यानं हे रोज हुईल का? पांढरा रंग मारून घिऊ. मग ऊन काय आन् सावली काय. गोठ्यात जनावरं बांधू, त्यांचे हाल व्हायल्यात." मी डागावर परत ओलं फडकं ठेवलं. तो म्हणाला, "आता लाल कुणाला बघायचीय, आबा?" ते त्याच्या तोंडून निघून गेलं आणि तो घरात गेला. मला राग आला नाही. खरं होतं ते. मी चार दिवस तेच डोक्यात घेऊन फिरत होतो. रंगवाल्याकडं जायचा वार पण ठरला.

त्याच्या आधी बाजार आला. मी एकटाच गेलो शिरूरला. मीठ-मिरची घेतली आणि नेहमीच्या जागी गाडीजवळ येऊन उभा राहिलो. कशासाठी उभा राहिलो ते मला ठाऊक नाही. दार उघडून बसायला काय हरकत होती?  गर्दीकडं बघत होतो... तेवढ्यात समोरून पारूबाई आली, डोक्यावर गाठोडं. तिच्यामागं आमच्या वाटेवरच्या वस्तीतल्या दोन म्हाताऱ्या, एकीच्या हातात कोंबडी. भामा दर बाजाराला अशी दोनचार जणी गाडीत कोंबायचीच, वडापच्या भरलेल्या जीपमध्ये कोण उभं राहणार म्हणून. मला वाटलं होतं, ते तिच्याबरोबर संपलं. पारूबाईनं विचारलं नाही, काही नाही, मागचं दार उघडलं आणि गाठोडं आत टाकलं.

"लांबनं दिसली लाल, म्हनलं भाऊजी आल्यात. चला गं, बसा."

तिघी मागं दाटीवाटीनं बसल्या, कोंबडीसकट. पुढची जागा कुणी घेतली नाही. मी म्हटलं, पारू, पुढं बस की, मागं गर्दी झालीय. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. आमी हितंच बऱ्या." मग कोंबडीवाली दारातून मान बाहेर काढून टपाकडं बघत म्हणाली, "वरनं फिकी पडलीया वं." पारूबाईनं तिला आत ओढलं. "तू काय वर बसून येनारंय का? दिसती ना लांबनं, झालं मग."

घरी आल्यावर मी गाडी आत लावली. संतोष अंगणात होता. त्याला म्हटलं, जनावरांना लिंबाजवळ पत्र्याचं छप्पर करू, उद्याच लागू कामाला. गोठा गाडीचा आहे.