मास्तरीणबाई फोन उचलत नाहीत

कापडावर कात्री चालवताना मास्तरीणबाईंचा हात कधी थरथरला नाही. बावीस वर्षं त्या त्याच दुकानात, त्याच खिडकीशी शिवत होत्या. गिऱ्हाईक म्हणालं, "जरा सैल ठेवा हं," की त्या चष्म्यावरून अशा बघत, की माणूस जागच्या जागी एक माप बारीक होई. लग्नाच्या आदल्या दिवशी नवऱ्यामुलाचा कोट खांद्यात फाटला, तरी त्या शांत. उलट त्यालाच दरडावत, "श्वास सोड आधी. कोट फाटलाय, तू नाही."

अशी ही बाई भीत होती ती एकाच गोष्टीला. फोनच्या वाजण्याला.

त्यांचा मोबाइल अस्तराच्या दोन घड्यांत गुंडाळलेला, बटणांच्या डब्यात आणि डबा सगळ्यात खालच्या खणात. मग बंदच का करून टाकत नाहीत? कारण बंद असताना एखादा फोन आला तर? म्हणून तो रोज चार्ज करायचा, चालू ठेवायचा आणि रोज पुरायचा. वाजला की खणात उंदीर अडकल्यासारखा आवाज येई. बाई तडक उठत, इस्त्री केलेल्याच कॉलरवर पुन्हा इस्त्री फिरवत आणि आवाज थांबला की पेलाभर पाणी पीत. त्या दिवशी ज्याची पँट मशीनवर असेल त्याचं नशीब. एक पाय दुसऱ्यापेक्षा बोटभर आखूड निघायचा.

लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी होती. तिने हरून समोरच्या इस्त्रीवाल्याचा नंबर घेतला होता. तो रस्ता ओलांडून येई.

"मास्तरीणबाई, लेकीचा फोन होता. जावयांची सर्दी उतरली म्हणे. आणि विचारलंय, आई कशी आहे?"

"बरी आहे म्हणावं, भाऊ."

"सांगितलं. तुम्हाला न बघताच सांगून टाकलं. रोज तेच तर असतं."

त्याचं हे बोलणं लागायचं, पण बाई तोंडात टाचण्या धरून बसत. तोंडात टाचण्या असलेल्या बाईला कुणी उत्तर मागत नाही.

चार वर्षांपूर्वी असं नव्हतं. तेव्हा बाईंचे यजमान होते. ट्रक चालवायचे. मोठा हसरा, निष्काळजी माणूस. एका सकाळी त्यांनी ताडपत्रीची दोरी कापायला बाईंची कापडाची कात्री नेली. कापडाची कात्री! ज्या कात्रीने घरात कुणी कागदही कापायचा नाही, तिने काथ्याची दोरी! बाईंनी धार बघितली आणि बोलणंच बंद केलं. यजमान म्हणाले, "नवी आणतो." बाई भिंतीकडे बघत राहिल्या. ते तसेच गाडी घेऊन गेले.

दुपारी त्यांचा फोन आला. बाईंनी नाव बघितलं आणि उचलला नाही. मग दुसरा आला. तिसऱ्याला तर त्या जराशा हसल्याही. वाजू दे, म्हणाल्या, दोरी कापतोय मेला. अर्ध्या तासाने चौथा फोन आला. नंबर अनोळखी होता, म्हणून उचलला.

"तुम्ही ह्यांच्या कोण?" एका पुरुषाने विचारलं.

वळणावर गाडी उलटली होती. त्या माणसाने इस्पितळाचं नाव सांगितलं, काही लागलं तर असू द्या म्हणून आपला नंबरही दिला. बाईंनी ते सगळं मापांच्या वहीत लिहून घेतलं, शर्टाची छाती-कंबर लिहावी तसं. इस्पितळात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. पुढे त्यांनी वहीच्या त्या दोन पानांना कडेने मशीनची टीप मारून टाकली. पक्की, दुहेरी. तीन फोनांचं कुणालाच सांगितलं नाही, लेकीलाही नाही.

मग एके दिवशी दुकानात एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई आल्या. इस्पितळातून निवृत्त झालेल्या नर्स. सगळं गाव त्यांना सिस्टर म्हणायचं. वाचनालयाच्या वरच्या खोलीत त्या आठवड्यातून दोनदा ध्यानाचा वर्ग घ्यायच्या आणि त्यासाठी तीस छोट्या गाद्या हव्या होत्या.

"बसणाऱ्यांची मापं?" मास्तरीणबाईंनी टेप उचलली.

"ह्या बाबतीत सगळे एका मापाचे असतात," सिस्टर म्हणाल्या.

गाद्या पोचवायला बाई स्वतः गेल्या. खोलीत काही म्हणजे काही नव्हतं. चार भिंती, एक खिडकी, एक घड्याळ. सिस्टरनी एक गादी जमिनीवर टाकली. "बसून बघा. शिवणाऱ्याने बसून बघितल्याशिवाय मी माल घेत नाही. दहा मिनिटं. डोळे मिटा आणि श्वास आत जातोय, बाहेर येतोय, एवढंच बघा."

बाईंनी ऐकलं होतं, की ध्यानात माणसाला प्रकाश दिसतो. त्यांना तिसऱ्या गादीची तिरकी टीप दिसली. मग डावा गुडघा. मग, आठ वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक ब्लाउज परत टाकून गेलं होतं, ते. नंतर नाकाचा शेंडा खाजला, आणि तो इतका, की जगात नाकापलीकडे काही उरलं नाही. दहा मिनिटं संपली तेव्हा त्या घामाघूम झाल्या होत्या.

"काय दिसलं?" सिस्टरनी विचारलं.

"तिरकी टीप. ती गादी परत द्या, उसवून देते."

पुढच्या वर्गाला त्या पुन्हा हजर. का, तर कापूस नीट बसलाय का बघायला. त्याच्या पुढच्या वर्गालाही कापूस. चौथ्या वेळी सिस्टर म्हणाल्या, "कापूस बसला. आता तुम्हीही बसा, निमित्त काढू नका."

अशी त्यांची साधना सुरू झाली, आणि उगाच खोटं कशाला सांगा, ती फार काही थोर नव्हती. बाईंना झोप यायची. शेजारचे पोस्टमास्तर घोरायचे, त्यांचा राग यायचा. रागावर लक्ष ठेवलं की तो थोड्या वेळाने निघून जायचा आणि मग त्या स्वतःवर खूश व्हायच्या. सिस्टर म्हणायच्या, "खूश झालात? तेही बघा." ह्या बाईपुढे काही लपत नाही, असं मास्तरीणबाईंना वाटे. पण हळूहळू एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. आत काहीही आलं, तरी ते तिथे मुक्काम करत नाही. फक्त त्याला दार लावू नये, आणि जेवायलाही वाढू नये.

दोन महिने झाले असतील. सगळे डोळे मिटून बसलेले असताना पोस्टमास्तरांच्या पिशवीत फोन वाजला. बाई कधी उठल्या, कधी जिन्याशी पोचल्या, त्यांचं त्यांना कळलं नाही. एका पायात आपली चप्पल, दुसऱ्यात पोस्टमास्तरांची. अर्ध्या जिन्यात त्या तिथेच खाली बसल्या.

सिस्टर मागून आल्या आणि एक पायरी वर बसल्या. बाई आपणहून बोलू लागल्या. कात्री, दोरी, तीन फोन, चौथा फोन. चार वर्षांत पहिल्यांदा.

"त्यांना काय वाटलं असेल?" त्या म्हणाल्या. "शेवटचं काय, तर बायकोने फोनसुद्धा उचलला नाही."

"मला ठाऊक नाही," सिस्टर म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पण त्या चौथ्या फोनचं मला थोडं ठाऊक आहे. एकतीस वर्षं मी ते फोन केलेत. तुमचा नव्हे, पण तसलेच. डॉक्टर म्हणायचे, सिस्टर, तुमचा आवाज शांत आहे, तुम्हीच कळवा. आवाज शांत होता. नंबर फिरवताना बोट मात्र घसरायचं. पलीकडे कुणी 'हॅलो' म्हणालं, की वाटायचं, ह्या माणसाला अजून अर्धं मिनिट सुखात राहू द्यावं. म्हणून मी आधी उगाच नाव विचारायची. निवृत्त झाले आणि घरात कुठे घंटी वाजली तरी माझेच हात गार पडायचे. तेव्हा मी हे बसणं शिकले. हौस म्हणून नाही, इलाज म्हणून."

फोनच्या पलीकडेही कुणीतरी घाबरलेलं असतं, हे मास्तरीणबाईंच्या मनात कधी आलंच नव्हतं.

मग सिस्टरनी अभ्यास दिला. रोज दुपारी चार वाजता कुणीतरी फोन वाजवायचा. बाईंनी तो उचलायचा नाही आणि पळायचंही नाही. समोर ठेवून बसायचं आणि भीती अंगात कुठे कुठे येते ते बघायचं. बस.

हे काम इस्त्रीवाल्याकडे आलं. तो आधी म्हणाला, "उचलायचा नाही, असा फोन करायचा? हे तर आत्तापर्यंत तुमची लेक फुकट करत होती." पण त्याने काम असं अंगावर घेतलं, की चारला पाच मिनिटं कमी असताना गिऱ्हाइकांना हाताने गप्प करायचा. फोन वाजे. बाई हात मांडीवर ठेवून बसत. भीती आधी तळहातांत येई, मग गळ्याशी, मग पोटात एक गार गोळा. श्वास आत, श्वास बाहेर. वाजणं थांबे. रस्त्यापलीकडून आरोळी येई, "आज कुठवर?"

"गळ्यापर्यंत!"

"काल पोटापर्यंत होती. सुधारणा आहे!"

येणारेजाणारे म्हणत, ह्या दोघांचं डोकं फिरलंय.

एका सकाळी बाई घरीच गादीवर बसल्या होत्या. नेहमीप्रमाणे ती दुपार समोर आली. तिसरा फोन वाजतोय, आणि आपण हसतोय. एरवी त्या हसण्यापाशी आल्या की त्या स्वतःला फाडून खायच्या. आज त्या नुसत्या बघत राहिल्या. आपण का हसलो? आणि साधं, सरळ उत्तर आलं. संध्याकाळी ते घरी येणार होते, म्हणून हसलो. येणाऱ्या माणसावरच रुसता येतं. ज्याचा भरवसा नाही, त्याच्यावर कोण रुसेल? तो राग नव्हता, तो भरवसा होता. त्या रडल्या, पुष्कळ रडल्या. चार वर्षांत पहिल्यांदा त्या रडण्यात स्वतःला शिव्या नव्हत्या.

त्या दिवशी दुपारी फोन चारच्या आधीच वाजला. बाईंनी उचलला.

"गॅसशेगडी दुरुस्तीवाले का?" कुणीतरी बाई विचारत होती.

रॉंग नंबर! पण एवढ्या तपश्चर्येनंतर उचललेला फोन असा कसा ठेवायचा? मास्तरीणबाईंनी तिला शेगडीला काय झालंय ते विचारलं, घरी किती माणसं आहेत ते विचारलं, बर्नरची भोकं सुईने साफ कशी करायची ते सांगितलं. चारला इस्त्रीवाल्याने फोन लावला तर लाइन बिझी. तो इस्त्री शर्टावरच टाकून धावत आला, आणि शर्ट जळला. बाईंनी तो नंतर नवा शिवून दिला.

संध्याकाळी त्यांनी लेकीला फोन केला. लेक आधी घाबरली, "आई, काय झालं?" मग बाईंनी तिला तीन फोनांचं सांगितलं. लेक म्हणाली, "एवढं एकटीने कशाला सांभाळलंस गं?" ह्या वेळी बाईंच्या तोंडात टाचण्याही नव्हत्या.

पुढच्या आठवड्यात त्यांनी मापांची वही काढली आणि टीप उसवली. दुहेरी असल्याने वेळ लागला. मग तो नंबर लावला. हात गार होते. असू देत, म्हणाल्या.

त्या माणसाचं हमरस्त्यावर, वळणाच्या थोडं अलीकडे, पंक्चरचं दुकान होतं. ओळख पटायला वेळ लागला नाही. "तुमचे यजमान माझ्याकडेच हवा भरायला थांबले होते, ताई," तो म्हणाला. "फोन लावत होते आणि हसत होते. म्हणाले, घरी सरकार नाराज आहे, आज काही उचलायची नाही. मला विचारलं, चांगली कात्री इथे कुठे मिळेल? मी म्हटलं, पंक्चरवाल्याला काय ठाऊक कात्रीचं." मग म्हणाला, "चार वर्षं मला वाटायचं, त्या बाईला मी फार धसमुसळेपणाने सांगितलं."

"नाही हो, भाऊ," बाई म्हणाल्या. "तुम्ही नीटच सांगितलंत. नंबरसुद्धा दिलात." पदराने डोळे पुसले आणि लगेच धंद्यावर आल्या. "शर्टाचं माप काय तुमचं?"

"माप? मला नाही ठाऊक."

"नसू दे. आवाजावरून अंदाज आला."

महिन्याभराने लेकीकडे जाताना बाईंनी त्याच रस्त्याने जाणारी बस धरली. ड्रायव्हरला विनवून दुकानापाशी दोन मिनिटं उतरल्या. घाबरल्या होत्याच. पुढचं वळण तिथूनच दिसत होतं, आणि त्यांनी ते नीट बघून घेतलं. पंक्चरवाला ग्रीसचे हात पुसत बाहेर आला. काडीसारखा माणूस. बाईंनी शिवलेल्या शर्टात तो आणि त्याचा एखादा भाऊ आरामात मावला असता.

त्याने तो तिथेच अंगात घातला, बाह्या दोनदा दुमडल्या आणि म्हणाला, "अगदी बरोबर बसलाय, ताई."

मास्तरीणबाईंनी चष्म्यावरून बघितलं. बावीस वर्षांत त्यांचं माप असं चुकलं नव्हतं. "खोटं बोलू नका," त्या म्हणाल्या. "काढा इकडे. परतीला घेऊन येते."

मागे ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. बाईंनी त्याला हातानेच थांब म्हटलं, गळ्यातली टेप काढली आणि पंक्चरवाल्याला हात बाजूला पसरायला सांगितले.