चिकूवरची पांढरी बुरशी आणि मी खोडलेलं नाव

मंडळी, आज सकाळी सूनबाई बुरशी आलेला चिकू टाकायला निघाली. त्या काळ्या बुरशीत मला एक पांढरा ठिपका दिसला आणि तोंडातून निघून गेलं, "आलीस का गं घोलवडी!"

"आई, कोणाशी बोलताय?"

तिला सांगितलं तेच इथे सांगते.

साठच्या दशकात मी मुंबईला बुरशीवर संशोधन करत होते. घोलवडच्या आमच्या वाडीतले दोन सडके चिकू डब्यातून घेऊन गेले. एकावर काळी बुरशी, दुसऱ्यावर पांढरीशुभ्र. पांढरी कुठल्याच पुस्तकात सापडेना. म्हणजे नवी जात! मी वहीत तिचं नावही लिहून टाकलं, घोलवडी.

आमच्या सरांनी दोन्हींचा रस काढला, बटाट्याच्या स्टार्चच्या घट्ट खळीत शेजारी शेजारी भरला आणि वीज सोडली. विजेने बुरशीतली एन्झाइम्स आपापल्या वेगाने सरकतात. वरून रंग ओतला की ती पोचली असतील तिथे पट्टे उमटतात, आणि त्यावरून जात ओळखता येते.

पट्टे उमटले. दोन्हींचे अगदी एकाच रेषेत, सारख्याच अंतरावर. सरांनी आणखी दोन एन्झाइम्स तपासली. तेच!

"अगं, ही काळीच आहे. फक्त रंग गेलाय तिचा."

माझी नवी जात गेली, तरी रडू आलं नाही. अंगावर काटा आला. एवढ्याशा बुरशीने आपली ओळख कुठे जपून ठेवली होती!

वहीतलं नाव मीच खोडलं.

सूनबाईने चिकू टाकला नाही, खिडकीत ठेवलाय. तुमच्याही तोंडून असं स्वतःच खोडलेलं नाव अजून निघतं का हो?