उभ्यानं वाचायची बातमी

आमच्या शेजारचे अप्पा पेपर वाचताना उठबस करायचे. चेष्टा नव्हे, खरंच! उदगीरच्या मोंढ्यात ते मापाडी, म्हणजे शेतमालाची पोती काट्यावर तोलणारे. दुष्काळात तोलायला पोतंच येईना, म्हणून दुपारी कडुलिंबाखाली हमालांना मोठ्यानं पेपर वाचून दाखवायचे. घडलेलं असेल ते उभं राहून. कुणाला नुसतं वाटलेलं असेल, तर मटकन बसून. गुडघा दुखायचा, तरी नेम मोडला नाही.

नवा लातूर जिल्हा झाल्याची बातमी आली त्या दिवशी मोंढ्यात नुसती धमाल! अप्पा ताठ उभे. "उदगीर तालुका आता लातूर जिल्ह्यात!" हमालांनी टाळ्या पिटल्या. "त्यामुळे आपले सारे प्रश्न सुटणार..." एवढं वाचलं आणि अप्पा बसले. हसून हसून लोकांची पुरेवाट झाली.

मी तेव्हा नवाकोरा वार्ताहर, अंगात वारं शिरलेलं. अप्पांची थोरली बहीण जवळच्या वाडीत राहायची. तिथली विहीर आटली होती आणि टँकरचा अर्ज 'विहिरीस पाणी आहे' असा शेरा घेऊन तहसिलीतून परत आला होता. अप्पांना घास गोड लागेना. म्हटलं, बघाच आता! 'जनता तहानेने व्याकूळ, प्रशासन झोपेत' असं झणझणीत लिहिलं. छापून आलं. अप्पांनी ते पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत बसून वाचलं.

असा संताप आला मला! "माझी बातमी खोटी हाय का अप्पा?"

"खोटी कोण म्हणलं? पण साहेब म्हणला, मी तर जागाच हाय, की संपलं न्हाई का तुझं? तू विहिरीत उतरलतास का?"

उतरलो कुठला! काठावरूनच बघितली होती.

दुसऱ्या दिवशी मला सायकल मारायला लावून अप्पा मागं बसले. वाडीत गेल्यावर सरळ विहिरीत उतरवलं. तळाला झरा कसला, ओली भेग होती. वाटीनं खरवडून एक घागर भरायला पाऊण तास लागला. अप्पांनी घड्याळ लावून मोजायला लावलं. वर एकवीस बाया नंबर लावून बसलेल्या, अप्पांची बहीण सगळ्यांत शेवटी.

तेवढंच लिहिलं. पण राहवतंय होय? 'हे पाहून दगडालाही पाझर फुटेल' असं एक वाक्य शेवटी जोडलंच. अप्पांनी बातमी उभ्यानं वाचली हो! माझी छाती फुगली. त्या वाक्यापाशी आले आणि बसले.

कात्रण जोडून अर्ज पुन्हा गेला. या वेळी साहेबांना विहिरीवर येऊन स्वतः घड्याळ लावावं लागलं, आणि चौथ्या दिवशी टँकर आला! वाडीत ही आरडाओरड, घागरींचा खणखणाट. बहीण भावाच्या गळ्यात पडून रडली. मी वही काढली.

"उद्या येणार का?" अप्पांनी ड्रायव्हरला विचारलं.

"येणार की! रोज येणार."

अप्पा माझ्याकडे वळले. "हे लिहू नको. उद्या आल्यावर लिही."

अप्पा जाऊन आता लई वर्षं झाली. आठवलं की जीव तुटतो. पण मला ते दिसतात त्या दुसऱ्या सकाळचे. वाडीच्या रस्त्यावर आम्ही दोघं, मागं बहीण रिकामी घागर घेऊन. ऊन वर आलं तरी टँकरचा पत्ता नाही. मग लांब धुरळा उठला. मी वही उघडली, तर अप्पांनी हात दाबून धरला. "थांब, एसटी आसंल."

वळणावर टँकरचं तोंड दिसलं आणि हा म्हातारा पोरासारखा ओरडायला लागला, "आला! आरं लिही, लिही की! बघत काय उभारलास!"