खालांच्या हातातलं ताट

खालांनी विचारलं होतं, "कोन येनार हायेत?" आणि मी मागे वळूनही न बघता म्हणाले, "नणंदेकडची माणसं आहेत, खाला. लांबून येतायत."

माझ्या नणंदेकडचं कुणीही येणार नव्हतं. येणार होती पाच जोडपी, ज्यांना मला जॉर्जियाची टूर विकायची होती.

खाला म्हणजे मावशी; नातं काही नाही, त्या आमच्या मागच्या गल्लीत राहतात. शहराच्या कडेला पडेगावात आम्ही घर बांधलं तेव्हा नळ येईपर्यंत चार महिने त्यांच्याच बोअरचं पाणी वापरलं. त्यांचा मुलगा वाळूजच्या कारखान्यांची शिफ्टची बस चालवतो, सून शाळेत शिकवते. खालांचे मियाँ वारले त्याला बरीच वर्षं झाली. मी एकदा तापानं पडले होते तेव्हा आठवडाभर त्यांनी मला खिमट करून भरवलं. त्यानंतर या शहरात माझं कोण, असं कुणी विचारलं की मी त्यांचं नाव सांगायचे.

टूरचं काम मी घरूनच करते. आधी काश्मीर, केरळ, मग दुबई. मागच्या वर्षी मी आणि नवरा आधी स्वतः बघून यावं म्हणून एका गटाबरोबर जॉर्जियाला गेलो. काळ्या समुद्राच्या काठचा हा छोटा देश. तिथं द्राक्षं आहेत, वाइन आहे, हे मला जायच्या आधी ठाऊकसुद्धा नव्हतं. आपल्याकडे वाइन म्हटलं की माणसं नाशिकचं नाव घेतात नाहीतर फ्रान्सचं. तिथं मात्र डोंगराखालच्या एका गावात ज्यांच्या घरी आम्ही उतरलो, त्यांच्या पडवीतच जमिनीत पुरलेले मातीचे रांजण होते. माणूस आत उतरून घासेल एवढे मोठे. द्राक्षाचा रस, सालं, बिया, सगळं त्यात कोंबून महिनोन् महिने झाकून ठेवतात. पांढऱ्या द्राक्षाची वाइन त्यातून कोऱ्या चहाच्या रंगाची निघते. त्या द्राक्षाचं नाव र्कात्सितेली. ते नीट म्हणायला मला दोन दिवस लागले. दुसरं द्राक्ष साफेरावी. काळी द्राक्षं कापली तर आत गर बहुतेक पांढराच असतो, याचा आतला रससुद्धा लाल. बोटं दोन दिवस जांभळी राहतात.

मी भारून गेले. येताना दोन लाल आणि दोन त्या चहाच्या रंगाच्या बाटल्या आणल्या, आणि ठरवलं की टूरची माहिती कागदावर द्यायची नाही, जेवायला बोलावून द्यायची. त्यांची वाइन, आपलं जेवण.

आदल्या दिवशी शनिवारी नवऱ्याला समोर बसवून एकेक बाटली उघडली आणि चाखून बघितलं. चहाच्या रंगाची वाइन वांग्याच्या भरतासोबत अशी जमली की नवऱ्यानं दोनदा भाकरी घेतली. भाजलेल्या वांग्याचा धूर आणि त्या वाइनचा कडसर, अक्रोडासारखा स्वाद एकमेकांना ओळखत असल्यासारखे वाटले. ठेच्याबरोबर मात्र लाल साफेरावी फसली. तिखट दुप्पट झालं आणि जीभ आवळली. नवरा म्हणाला, "लालला चरबीचं मटण पाहिजे." मी म्हणाले, "खालांचा खलिया."

नान खलिया, म्हणजे मटणाचा मसालेदार रस्सा आणि भट्टीतला नान, या शहरात पुष्कळ ठिकाणी मिळतो, पण खालांच्या खलियाला ती तर्री, तो मसाल्याचा गंध दुसरीकडे नाही. मी त्यांना सांगू शकले असते की वाइन आहे. त्या नाही म्हणाल्या असत्या, इतकंच. मला तेवढंही ऐकायचं नव्हतं. म्हणून खलिया करायला सांगताना मी नणंदेचं नाव पुढे केलं.

रविवारी दहा वाजता त्यांचा मुलगा खलियाची देगची आणि नान आणून ठेवून गेला. खाला पहाटेपासून चुलीपाशी होत्या, असं तो म्हणाला. पाहुणे यायच्या आधी मी खलियाचा चमचा तोंडात घेऊन वर साफेरावीचा घोट घेतला. पुन्हा तेच. मिरची पेटली, वाइन कडू झाली. मग मला सुचलं की तिथं त्या घरच्या बाईनं मटण वाइन घालूनच शिजवलं होतं. आदल्या दिवशीची उरलेली लाल बाटली फ्रिजमध्ये होती. मी गॅस लावला आणि वाटीभर वाइन खालांच्या देगचीत ओतली. हात थोडा थांबला होता, हे मला आठवतं. पण थांबून पुढे गेला.

जेवण छान झालं. मी रांजण, द्राक्षं, डोंगर, सगळं सांगत होते. माणसं घोट घेऊन खलियात नान बुडवत होती. एक बाई म्हणाल्या, "हे जमलंय हो." त्याच वेळी दार वाजलं.

खाला होत्या. दस्तीच्या फडक्यात बांधून सहा नान आणले होते. "कमी पडत्याल म्हनून आनले भट्टीवरून," म्हणाल्या. ऊन लागून चेहरा लाल झाला होता. मी घेऊन त्यांना दारातूनच लावून देणार होते, पण त्याच बाई उठल्या. "तुम्हीच केलंय का हे? या ना, आत या." खाला लाजत आत आल्या. टेबलावरच्या लाल ग्लासांकडे त्यांनी बघितलं.

"डाळिंबाचं सरबत आहे," मी म्हणाले. दहा माणसांपुढे.

"तुम्ही जेवलात का?" बाईंनी विचारलं.

"नाय अजून. घरी जाऊन जेवनार."

"मग इथंच बसा की." आणि बाईंनी ताटात खलिया वाढला, वर नान ठेवला आणि ताट खालांच्या हातात दिलं. खालांनी माझ्याकडे बघून हसून ते घेतलं. हे पाहुणे आपल्यालाही घरचंच समजतायत, असं काहीतरी त्यांच्या हसण्यात होतं. त्यांनी नानाचा तुकडा मोडला.

मी पुढे झाले आणि ताट त्यांच्या हातातून काढून घेतलं. ओढूनच घेतलं. म्हणाले, "त्या इथं नाही जेवत. खाला, तुम्ही घरीच जेवा."

माझा आवाज कसा होता ते मला वळून बघणाऱ्या चेहऱ्यांवरून कळलं. ज्या बाईंनी वाढलं होतं, त्यांचा हात तसाच पुढे होता. खालांनी तुकडा ताटात परत ठेवला. पदराला बोटं पुसली.

"हां, बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "मी चलते."

त्या गेल्यावर मी पुन्हा साफेरावीबद्दल बोलू लागले. तीन जोडप्यांनी टूर पक्की केली, त्यांत त्या वाढणाऱ्या बाईही.

संध्याकाळी देगची चिंच आणि राखेनं तीनदा घासून मी परत दिली. खालांनी दारातच घेतली. आत बोलावलं नाही. मी पण काही सांगितलं नाही. मी मनाला समजावलं की मी त्यांना हराम खाण्यापासून वाचवलं, आणि हे खरंही होतं, म्हणूनच त्याचा आधार घेणं सोपं गेलं. पण रोज सकाळी त्यांच्या गल्लीनं न जाता मी लांबच्या रस्त्यानं जाऊ लागले.

याच दिवसांत मला जॉर्जियातली एक गोष्ट आठवली, जी मी पाहुण्यांना सांगितली नव्हती. आमच्या गटात एक काका दारूला शिवत नव्हते. त्या घरच्या म्हातारीनं जेवायला बसायच्या आधी प्रत्येकापाशी येऊन वाइन चालते का ते खुणेनं विचारलं होतं, आणि काकांसाठी द्राक्षाचा ताजा रस वेगळा ठेवला होता. द्राक्षांची नावं मी वहीत लिहून घेतली होती. हे लिहून घेतलं नव्हतं.

रमजान चार दिवसांवर आला तेव्हा त्यांची सून मला दुकानात भेटली. म्हणाली, "अम्मी तुमच्याकडं येत नाहीत आता. विचारलं तर म्हणतात, मोठ्या लोकांत आपन बरं दिसत नाय."

मी तशीच पिशवी घेऊन खालांच्या घरी गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. मी खाली बसले आणि सगळं सांगितलं. नणंद, सरबत, वाटीभर वाइन, ताट. देगचीचंही सांगितलं.

त्यांचा हात थांबला. 

"सरबत नाय ते मला तवाच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "वासावरून. पन खलियात घातलं, हे नव्हतं ठावं." मग म्हणाल्या, "त्या देगचीत मी मियाँच्या नावानं फातिहाचं जेवन केलं, मागच्या जुम्म्याला."



"भांडं धुतलं की पाक होतंय. त्याचं काय नाय," त्या म्हणाल्या. "पन मी महिनाभर काय समजत होते, बेटा? मी तुझ्या लोकांत बसून जेवलेली तुला चालत नाय, असं. रात रात तेच. पोराला बी नाय सांगितलं. त्याला राग आला असता तुझा."

"खाला, मला तुम्हाला ते खाऊ द्यायचं नव्हतं म्हणून..."

"व्हय. मग कानात सांगायचं. इत्तीशी बात." त्यांनी बोट आपल्या कानाला लावलं. "तुझ्या लोकांपुढं तुझी शान गेली असती. म्हनून माझी घालवलीस."

त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मला रडता आलं असतं. मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली आणि तांदळाचं ताट पुन्हा मांडीवर ओढलं.

घरी येऊन मी त्या वाढणाऱ्या बाईंना फोन करून खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी त्या दिवशी घरी जाऊन नवऱ्याला म्हटलं होतं, या बाईबरोबर टूरला जायचं का, विचार करू." त्या आल्या नाहीत. बाकी दोन जोडपी आली, आणि टूर व्यवस्थित झाली. जेवायला बोलावून वाइन चाखवायचं मी बंद केलं.

ईदच्या दिवशी आम्ही दोघं खालांकडे गेलो. त्यांनी जेवायला जमिनीवर दस्तरखान अंथरला, शीरखुर्मा दिला, मग खलिया वाढला. सून माझ्या नवऱ्याशी शाळेबद्दल बोलत होती. मी म्हणाले, "खाला, तुम्ही बसा ना आमच्याबरोबर."

"मी जेवले," त्या म्हणाल्या, आणि माझ्या ताटात मटणाचा अजून एक तुकडा वाढला.

त्या जेवल्या होत्या की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. सगळं संपवलं.