धान निघाल्यावरचा हप्ता

“एक पैसा बाकी नाही आमच्यावर. मंग तुमचा कम्प्युटर नाही काहून म्हणून राहिला?”

तुळशीरामभाऊ रागावले नव्हते, दुखावले होते. मी मोहाडीतल्या एका बँकेत कर्जाचं टेबल सांभाळते. त्यांची एकोणीस वर्षांची प्रणाली शेजारी मान खाली घालून बसली होती. नर्सिंगला तिचा नंबर लागला होता. शैक्षणिक कर्जाचा अर्ज मी वर पाठवला आणि तो परत आला. कारण काय, तर प्रणालीचा क्रेडिट स्कोअर कमी.

क्रेडिट स्कोअर म्हणजे उधारी फेडण्याचं प्रगतिपुस्तक. अठरा पूर्ण झाल्यावर पहिलं कर्ज घेतलं की ते सुरू होतं. या पोरीचं कर्ज तरी केवढं? हप्त्यावर घेतलेला एक मोबाईल.

“हप्ते भरले नव्हतेस का गं?”

“भरले ना मॅडम. सगळेच्या सगळे. दंडासकट.”

“कधी?”

ती वडिलांकडे पाहू लागली. तेच बोलले, “धान इकलं तवा. एका दमात. पीककर्ज बी आमी असंच भरतो, सालातून एकदा. तुमीच त शाबासकी देता!”

देत होते खरी. पीककर्ज पीक हाती आल्यावर फेडायचं असतं. मोबाईलचा हप्ता मात्र दर महिन्याला, आणि चुकलेला प्रत्येक महिना प्रणालीच्या नावावर चढला होता.

“कंपनीचे फोन येत होते,” ती म्हणाली. “मी सांगतलं, धान निघू द्या. मले वाटलं, त्याईले समजलं.”

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. मी कर्ज मंजूर करणाऱ्या वरच्या साहेबांना फोन लावला.

“सर, घर सचोटीचं आहे. पीककर्ज एकदाही थकलं नाही.”

“तुम्हाला माहीत आहे मॅडम, सिस्टीमला नाही. मुलीचं वर्षभराचं चांगलं रेकॉर्ड दाखवा, मग बघू.”

नर्सिंगची ती जागा गेली. पोरगी माझ्यासमोर रडली. “माह्या पायी पोरीचं साल गेलं,” एवढंच भाऊ म्हणाले.

मग प्रणाली एका मेडिकल दुकानात कामाला लागली. तिच्या नावाने छोटी एफडी केली आणि त्या तारणावर क्रेडिट कार्ड दिलं. मी तिला दटावूनच सांगितलं, “यावर फक्त रिचार्ज आणि पेट्रोल. बिल आलं की तारखेच्या आत पूर्ण भरायचं. ‘मिनिमम ड्यू’ नावाची लहान रक्कम दिसेल, तिला भुलू नकोस. तेवढीच भरलीस तर बाकीवर जबर व्याज चढतं.”

तिने एकही तारीख चुकवली नाही. पुढच्या वर्षी पुन्हा नंबर लागला आणि या खेपेला कर्ज मंजूर झालं. सह्या करताना मी भाऊंना म्हटलं, “आता शिक्षण संपेपर्यंत हप्ता नाही.”

भाऊ घाबरलेच. “नको मॅडम! व्याज तरी महिन्याच्या महिन्याले घ्या. पोरीचं नाव खराब नको.”

बँकेला दानत कळत नाही, तारीख कळते. हे पोरांना अठरावं लागण्याआधीच सांगायला हवं. मोबाईल विकणारा सांगत नाही, आणि आम्ही सांगतो ते अर्ज परत आल्यावर.